झेल, वॉर्ड सहा!

ऐकताय ना? मी चेंडू बोलतोय. क्रिकेटचा नाही, तेव्हा षटकार वगैरे विचारू नका. मी कापडी. शिवणकाम करणाऱ्या एका आईने चिंध्यांचा गोळा करून त्यावर लाल-पिवळे तुकडे शिवले आणि मला लेकीच्या हातात ठेवलं. म्हणाली, "घे. आता तरी तुझी माणसं एका वेळी एकच बोलतील."

लेक कार्यशाळा घ्यायची. सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. कधी शिक्षक, कधी बँकेतली माणसं, कधी इस्पितळातल्या सिस्टर. खुर्च्या गोल मांडायच्या आणि नियम सांगायचा: चेंडू ज्याच्या हातात, त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

हातात गेलं की माणूस कळतो हो! साहेब लोक मला मांडीवर घेऊन बसत ते सोडायचं नावच घेत नसत. लाजरी माणसं तापलेल्या तव्यासारखं मला शेजाऱ्याकडे भिरकावत. एका हेडमास्तरांनी तर बोलता बोलता माझी शिवणच उसवली. शिवण संपली, भाषण संपलं नाही.

मग साथ आली. हॉल बंद, रस्ते बंद, ताईचं काम बंद. मी पिशवीत मार्करांच्या संगतीत पडून राहिलो. ते बिचारे वाळून गेले.

पिशवी उघडली तेव्हा मी थेट जेवणाच्या टेबलावर आलो. समोर पुस्तकांच्या चळतीवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपमध्ये माणसं! "आवाज येतोय का?" "येतोय. माझा येतोय का?" यातच अर्धा वेळ जायचा. मग तिघं एकदम बोलत, आणि तिघंही एकदम "सॉरी, तुम्ही बोला" म्हणून गप्प होत. एका अधिकाऱ्याला घरातून हाक आली, "अहो, तांदूळ धुतले का?" ती सगळ्या बँकेने ऐकली. साहेबांनी धुतले नव्हते.

ताई रडकुंडीला आली. "आई, मला नाही जमत हे. माणसं कुठेत? नुसत्या चौकटी."

"मग चौकटींशी बोल," आई म्हणाली. "कुणीतरी असेलच की आत."

अशातच परदेशातल्या एका इस्पितळाच्या मेट्रनबाईंचा फोन आला. त्यांच्या शाखा चार देशांत होत्या. सिस्टर पार पिचून गेल्या होत्या, एकामागून एक राजीनामे देत होत्या. "आमच्याशी बोलत नाहीत," मेट्रनबाई म्हणाल्या. "परक्या माणसाशी बोलतील कदाचित. बघा जमलं तर."

कार्यशाळा सुरू झाली. ताई प्रत्येकीला विचारी, "कशा आहात?" आणि उत्तर येई, "बरी आहे." चारही देशांत सगळं बरं! मेट्रनबाई कडक इस्त्रीत ताठ बसून होत्या. एक चौकट काळी होती, तिच्यावर नुसतं लिहिलेलं: वॉर्ड सहा.

ताई गोंधळली. जुन्या सवयीने तिने मला उचललं आणि "घ्या, आता तुम्ही," म्हणत चक्क फेकलं!

मी स्क्रीनवर आपटलो आणि तिथून आईच्या चहात पडलो. पुस्तकांची चळत कोसळली. चार देशांना आमच्या घराचं छत दिसलं आणि आईचा आवाज ऐकू आला, "अगं, माझा चहा!"

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळ्याच. एक सिस्टर खाली वाकली आणि मोज्यांची गुंडाळी उंच धरून म्हणाली, "झेलला!"

आता नियमाने बोलणं आलं. तिचं हसू ओसरलं. "मी बरी नाहीये," ती म्हणाली. "जेवणाचा डबा उघडते आणि तसाच बंद करते." मग तिने मोजे कॅमेऱ्यावर फेकले. दुसऱ्या देशात एकीने बटाटा झेलला, तिसऱ्या देशात एकीने बँडेजचा रोल. माझं काम एक बटाटा करत होता आणि मी चहात भिजून बघत होतो! पण खरं सांगतो, बटाट्याने काम चोख केलं.

"झेल, वॉर्ड सहा!" कुणीतरी ओरडलं.

चौकट काळीच. मेट्रनबाई काहीतरी बोलणार, तेवढ्यात ताईने हात वर करून त्यांना थांबवलं. तिने हात तसाच वर धरून ठेवला. बराच वेळ.

मग चौकट उजळली. गालांवर मास्कचे वळ असलेली एक बाई. ओंजळ पुढे, रिकामी.

"माझ्याकडे झेलायला काही नाही," ती म्हणाली. "लेक शेजारच्या खोलीत असते. मी तिच्याजवळ जात नाही. ती दाराखालून चित्रं सरकवते. काल म्हणाली, आई, तू आत आहेस ना? मी म्हटलं, आहे. पण माझी मलाच खात्री नव्हती."

तिने डोळे पुसले, आणि तीच रिकामी ओंजळ उधळून म्हणाली, "मेट्रन, झेला."

मेट्रनबाई हलल्या नाहीत. मग त्यांनी हळूच दोन्ही हात वर केले आणि काहीच नसलेलं ते छातीशी धरलं.

"मीपण नाही गं बरी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर पाळ्या नव्याने लावल्या गेल्या. राजीनामे थांबले असं नाही, पण द्यायच्या आधी सिस्टर बोलू लागल्या. वॉर्ड सहाला रजा मिळाली. पुढच्या वेळी तिच्या चौकटीत दोन डोकी होती. छोटीने उशी इतक्या जोरात फेकली की चौकटच बंद पडली.

आता रस्ते उघडलेत. या घडीला मी विमानात आहे, ताईच्या पिशवीत. विमानतळावर तपासणीवाल्याने मला दाबदाबून पाहिलं. "यात काय आहे?" "चिंध्या," ताई म्हणाली. त्याचा विश्वास बसला नाही.

ताई त्या सगळ्या सिस्टरना पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटणार आहे. मला मात्र धाकधूक आहे. इतके दिवस हवा झेलायची सवय लागलेल्या या बायकांना खरा चेंडू झेलता येईल का? मी काही बटाटा नाही, खाली पडलो तर लागतं मला.

तेव्हा बायांनो, हात पुढे करून ठेवा. विमान उतरतंय.