शेवटचा फेंडर

त्या दिवशी दुपारी बाबांनी आपल्या प्रवासी बोटीच्या सहाही फेंडरच्या दोऱ्या बदलायला काढल्या. जुन्या दोऱ्यांना अजून वर्षभर काही झालं नसतं, पण बाबांच्या डोक्यात एकदा आलं की आलं. लेक ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मदतीला आली होती आणि पाच वाजता तिला एका व्याख्यानाला पोचायचं होतं.

फेंडर म्हणजे बोटीच्या अंगाला टांगलेले हवेचे जाड रबरी लोड. धक्का आणि बोट यांच्यामध्ये ते मार खातात, म्हणून बोट शाबूत राहते. ते बांधायची बाबांची रीत ठरलेली. कठड्याच्या खांबाला, तेही अगदी बुडाशी, दोन पूर्ण वेढे. मग ताणलेल्या दोरीवर दोन अर्ध्या गाठी. वेढे भार घेतात, गाठी राखण करतात, हे ती आठ वर्षांची असल्यापासून ऐकत आली होती. शेजारच्या बोटीवर इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री त्यांना वेढेमास्तर म्हणायचा. त्या दिवशीही त्यानं डोकं वर काढून विचारलंच, बोट बांधताय की म्हैस? बाबा म्हणाले, म्हैस दावं तोडून घरी तरी येते.

बाबांची आणखी एक खोड होती. लेकीनं बांधलेली प्रत्येक गाठ ते मागून येऊन ओढून बघायचे. चाळिशीला आलेल्या बाईला हे झोंबायचं. तिसऱ्या फेंडरवर ती बोललीच, की सगळं तुम्हीच करणार असाल तर मला बोलावता कशाला. बाबा ओशाळल्यासारखे सुकाणूपाशी जाऊन बसले आणि गुडघा चोळत राहिले.

सहावा फेंडर मागच्या टोकाचा. तोवर पावणेपाच झाले होते. नवी दोरी बुळबुळीत, वेढे घसरत होते. तिनं दोरी खांबावरून दोनदा फिरवली, तिच्याच खाली दाबली आणि ओढली. झालं. चहापुरतं थांबणाऱ्यांची गाठ, असं बाबा असल्या गाठीला म्हणायचे. तासाभराला ठीक, पण फेंडर लाटेवर वर-खाली होत, गिरक्या घेत राहिला की ती हळूहळू ढिली पडते. हे तिला पाठ होतं.

"पक्की?" बाबांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"पक्की," ती म्हणाली आणि चपला हातात घेऊन धक्क्यावर उतरली.

बाबा उठले नाहीत. ओढून बघायला आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते बेसिनपाशी कोसळले. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. डॉक्टर आले ते फक्त सांगायला. मग चार दिवस घरात माणसांची ये-जा. त्या गर्दीत तिला दोनदा ती गाठ आठवली आणि दोन्ही वेळा तिनं स्वतःला दटावलं, असल्या वेळी हे सुचतं तरी कसं.

पाचव्या दिवशी ती धक्क्यावर गेली. बोटीचं मागचं अंग सिमेंटवर घासून हातभर सोललं होतं. निळ्या रंगाखालचं पांढरं अस्तर उघडं पडलं होतं. पाच फेंडर जागच्या जागी. सहावा मिस्त्रीनं आकडी घालून पाण्यातून काढून ठेवला होता. त्याची दोरी कुठेही तुटलेली नव्हती. नुसती सुटलेली.

मिस्त्रीनं तेलकट हात पँटला पुसले. त्याच्यामागे आणखी दोन बोटवाले येऊन उभे राहिले.

"मनाला लावून घेऊ नका, ताई," तो म्हणाला. "हात थकला होता त्यांचा. वेढेमास्तरांची गाठ सुटली, तेव्हाच आम्ही समजलो. त्यांना बरं नसणार आधीपासून."

बोटवाल्यांनी माना हलवल्या. म्हणजे धक्क्यावर हे बोलून झालं होतं. तिनंही मान हलवली असती तर विषय तिथंच मिटला असता. बाबांचं नाव निघालं की लोक मायेनंच म्हणाले असते, शेवटी शेवटी चुकले बिचारे.

ती फेंडर घेऊन बोटीवर चढली. मागच्या खांबाशी बसली. दोन वेढे. दोरी घसरली. पुन्हा दोन वेढे, दोन अर्ध्या गाठी. मग तिनं बाबा ओढायचे तशी ती गाठ ओढून बघितली.

"ती गाठ त्यांची नव्हती," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिनं उभं राहून पुन्हा सांगितलं, "माझी होती. घाईत बांधली. त्यांनी विचारलं, तर मी पक्की म्हणाले."

मिस्त्री काहीतरी समजुतीचं बोलू लागला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. सुकाणूपाशी बाबांची जागा होती, तिकडे बघत होती.

"बाबा, पक्की नव्हती ती," ती म्हणाली. "मी काही बोलले तरी ओढून बघायला यायचं होतं तुम्ही."