सवतीचे लाड

काठी काखेत मारून, कठडा धरत ती उरलेल्या पायऱ्या जवळजवळ पळतच चढली. पायाचं प्लास्टर निघून पंधरवडाही झाला नव्हता. मागून नवरा ओरडत होता.

"अगं, सावकाश! दुसराही पाय मोडून घ्यायचाय का?"

"गुरू थांबणार आहे का माझ्यासाठी?"

सूर्य मावळला की चंद्र गुरूला गिळणार होता. म्हणजे त्याच्यासमोरून जाणार होता, पण ती सगळ्यांना असंच सांगायची. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासून नंबर काढत असे. पाय मोडण्याआधी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला नंबरासोबत आजच्या संध्याकाळचं आमंत्रणही मिळालं होतं. इमारतीतली माणसं तर खुर्च्या घेऊन केव्हाच गच्चीवर येऊन बसली होती. तिचा उत्साह असा होता की कुणालाही नाही म्हणवलं नसतं.

पण तिला एकच धास्ती होती. दुर्बीण गच्चीवरच्या खोलीत, पेटीत होती. ऐन पावसाळ्यात ती जिन्यावरून घसरली आणि चार महिने अंथरुणाला खिळली. भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांवर बुरशी, मग बंद पेटीतल्या भिंगाचं काय झालं असेल! पेटीत ओल शोषणारे मणी असतात. कोरडे असले की निळे, ओल पिऊन तुडुंब झाले की गुलाबी. ते वरचेवर भाजून घ्यावे लागतात. नाही भाजले तर बुरशी भिंगावर एकदा जाळं विणते आणि काच कायमची खाते.

पडल्यावर तिने नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. तो शिंपी, खाली त्याचं दुकान. दुर्बिणीला तो 'माझी सवत' म्हणायचा.

"सवतीची सेवा आता मी करायची?" तो म्हणाला होता. "आधी तू बरी हो."

तिला असा राग आला होता की त्यानंतर तिने तो विषयच काढला नाही. हट्ट म्हणजे हट्ट.

आता तिने कडी काढली, डोळे मिटले आणि झाकण उचललं. कुबट वास आला नाही. डोळे उघडले.

मणी निळे होते. सगळे, मोराच्या पिसासारखे निळे!

तिने घाईघाईने भिंगावर विजेरी मारली. सरळ मारली, तिरकी मारली. धागा नाही, ठिपका नाही, काच नुसती लखलखत होती. "अग्गोबाई!" ती एवढ्या जोरात म्हणाली की बाहेरच्या खुर्च्या सरकल्या.

मग मण्यांत तिला एक जिरं दिसलं. तिने ते चिमटीत धरून पाहिलं. मणी भाजायची तिची जुनी कढई तर समोरच खिळ्याला होती, धूळ खात.

"काय गं, गेली का कामातून?" नवरा दारात येऊन उभा राहिला होता. नजर मात्र छताकडे.

"ठणठणीत आहे."

"बघ! उगाच जीव टांगणीला लावून घेतेस."

जिरं तिने पदराच्या टोकाला बांधलं.

दुर्बीण तिकाटण्यावर चढली, चंद्रावर रोखली गेली. सगळे भोवती जमले. तिने डोळा लावला. नुसता धुरकट गोळा! बुरशी आतल्या बाजूला तर नाही? डोळा लावायची नळी आतबाहेर करणारा स्क्रू तिने थोडा फिरवला. गोळा थोडा आवळला. आणखी थोडा फिरवला, आणि तिथेच तिचा हात थांबला.

नळी फार आत गेली होती. तिच्या डोळ्याला एवढी आत कधीच लागत नसे. एवढी आत न्यायला माणसाला जाडजूड उणे नंबर हवा, आणि पाहताना चष्मा काढलेला हवा. असा नंबर या घरात एकालाच होता. तो तिनेच काढला होता.

तिने स्क्रू होता तिथे परत नेला.

"काय झालं?" शेजारच्या काकू अधीर झाल्या. "दिसतोय ना?"

"अहो," तिने नवऱ्याला हाक मारली. "चष्मा काढा आणि या."

"मी? मला काय कळतंय त्यातलं!"

"या म्हणते ना. पहिला मान तुमचा."

तो आला, वाकला. स्क्रूला हात लावला नाही. मग मात्र त्याला राहवलंच नाही.

"अरे, चिकटलाच की कडेला! काकू, यात सगळं उलटं दिसतं बरं का. हा गुरू, हे त्याचे चंद्र. एक गेला! गेला, दुसरा गेला! आता अर्धा गुरू... अगं, पाव राहिला... गेला! अख्खा गिळला!"

गच्चीवर टाळ्या पडल्या. काकूंनी आकाशाकडे बघत शिट्टीच मारली. तो मागे वळला आणि तिचं तोंड पाहून एकदम ओशाळला.

"अगं, हे तर तू बघायचं होतंस."

"बाहेर येईलच की तासाभराने. तेव्हा मी बघेन," ती हसत म्हणाली. "पण ज्या कढईत मणी भाजलेत, तिच्यात पुन्हा स्वयंपाक नाही करायचा. मण्यांचा रंग विषारी असतो."

"ती तेव्हाच फेकली. तशीच दुसरी आणली. तुला कळलं कुठे!"

चष्मा न लावताच तो नळीशी नाक नेऊन वाकला आणि सावकाश स्क्रू फिरवू लागला. नळी बाहेर सरकत आली. तिच्यावर खडूची एक बारीक पांढरी रेघ होती, कापडावर मारतो तशी. रेघ कडेला लागली तसा तो थांबला.

"ही तुझी जागा. रोज इथे आणून ठेवायचो. काल तू जिना चढायची तालीम करत होतीस, पावलं ऐकली आणि गडबडीत राहून गेलं."

तिने डोळा लावला. चंद्राच्या कडेचा खड्डा न् खड्डा मोजून घ्यावा इतका स्वच्छ दिसत होता.

"बरोबर आहे का?" त्याने हळूच विचारलं.

"केसभरही चुकला नाहीत मापात," ती म्हणाली, आणि डोळा न काढता त्याचा हात चाचपून धरला.