रंगराव सरांचे कोर्ट

"साक्षीदार, पुढे या," रंगराव सर म्हणाले, आणि अकरावीतून कोणीच पुढे आले नाही.

मी शेजारी दहावीला भूमिती शिकवत होतो. दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, नुसता बांबूचा तट्ट्या होता. त्यामुळे त्यांचे इंग्रजी आणि माझे त्रिकोण मुलांना एकाच वेळी ऐकावे लागत, आणि नापास झालेली मुले घरी तेच कारण सांगत. त्या दिवशी पलीकडे इतकी शांतता पसरली की मी खडू ठेवून तट्ट्याच्या फटीला डोळा लावला. रंगराव सर टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर स्वतः, असे बसले होते. अंगात हेडमास्तरांचा काळा कोट होता. हेडमास्तर सोपानराव अंगाने दुप्पट, त्यामुळे बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या.

"कोर्ट वाट पाहतंय," ते पुन्हा म्हणाले.

तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावरून शालन उठली. ही वर्गातली एकुलती एक मुलगी. वर्षभरात 'प्रेझेंट सर' याखेरीज तिच्या तोंडून शब्द ऐकल्याचे कुणाला आठवत नव्हते. ती पुढे येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, आणि घंटा झाली. रंगराव सर मात्र दिवसभर खुशीत होते. "आली तर खरी," म्हणाले.

हे १९५३ सालच्या डिसेंबरातले. चिंचवडची आमची शाळा नवी होती, आणि इंग्रजी सगळीकडे शिकवतात तसेच आधी आमच्याकडेही शिकवले जाई. मास्तरांनी वाक्य वाचायचे, मराठी अर्थ सांगायचा, मुलांनी तो वहीत उतरवून घोकायचा. रंगराव सरांना हे मानवत नसे. ते बार्शीकडचे. बायको-मुले तिकडेच होती, आणि नोकरी कायम झाली की बिऱ्हाड आणायचे असे ते तीन वर्षे म्हणत होते. कायम व्हायला चाकोरीतून चालावे लागते हे मी त्यांना सांगून थकलो. आम्ही दोघे नाक्याजवळच्या एकाच खोलीत राहत होतो, तेव्हा सांगायला वेळ भरपूर होता. एकदा त्यांनी नदीवरची कविता शिकवायला वर्ग पवनेवर नेला. मुले पोहून आली आणि कविता काठावरच राहिली. तरी त्यांचा उत्साह कमी झाला नाही.

आता त्यांच्या डोक्यात कोर्ट शिरले होते. पुस्तकात विलायतेतल्या एका पिठाच्या गिरणीवाल्याचा धडा होता. तो शेजारच्या आंधळ्या म्हातारीला फसवून कागदावर सही घेतो आणि तिचा मळा बळकावतो. गिरणीवाल्याची मुलगी हे सगळे बघते. पुस्तकात तिला एकच वाक्य आहे: मी काही पाहिले नाही.

"ती गप्प का राहते? सगळा धडा त्या गप्प बसण्यात आहे," रंगराव सर मला रात्री जेवताना सांगत. "मुलांनी ते पाठ करून उपयोग नाही. त्या मुलीच्या जागी उभं राहून बोलायला हवं. मग इंग्रजी आपोआप येईल."

"इंग्रजी आपोआप येत नाही. ताप येतो," मी म्हटले.

ते हसले. जानेवारीतल्या संमेलनात हे कोर्ट पालकांसमोर करायचे त्यांनी ठरवले. पुण्याहून शिक्षणखात्याचे साहेब येणार होते. शिवाय कुणीही काही पाठ करायचे नाही, सर ऐनवेळी विचारतील त्याचे उत्तर आपल्या मनाने द्यायचे, असा नियम केला. गिरणीवाल्याच्या मुलीचे काम शालनला दिले.

मी म्हणालो, "अहो, पालकांना त्यातलं एक अक्षर कळणार नाही. निदान प्रत्येक उत्तराचा मराठी अर्थ तरी तुम्ही मोठ्याने सांगा."

त्यांना हे पटले; मुलांना मात्र ते सांगायचे राहून गेले. सल्ला माझा होता, हे मी आजही विसरलेलो नाही.

संमेलन दुपारी चारला शाळेपुढच्या मंडपात सुरू झाले. पुढच्या रांगेत साहेब, त्यांच्या शेजारी सोपानराव, आणि त्यांच्या शेजारी शालनचे वडील बबनराव. बबनराव शाळा समितीत होते. वर्गांवरचे पत्रे त्यांनीच दिले होते. मुलीला अकरावीपर्यंत शिकवणारा गावातला पहिला माणूस म्हणून त्यांना मान होता, आणि तो खोटा नव्हता. बायकांच्या बाजूला त्यांची विधवा भावजय छबूबाई बसल्या होत्या. आपली पुतणी इंग्रजी बोलणार म्हणून धुतलेले लुगडे नेसून त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या.

कोर्ट सुरू झाले. गिरणीवाला झालेल्या मुलाने नियम मोडून धडाच घडाघडा म्हटला. म्हातारी झालेला मुलगा हसू लागला. साहेबांनी घड्याळ पाहिले. मग शालन उभी राहिली.

रंगराव सरांनी इंग्रजीत विचारले, "तू काय पाहिलंस?"

बराच वेळ ती पायाकडे बघत राहिली. मग हळू पण स्वच्छ म्हणाली, "माय आंट कॅनॉट रीड."

"माझ्या काकूला वाचता येत नाही," सरांनी मंडपाला ऐकू जाईल असे मराठीत सांगितले. त्यांचा चेहरा उजळला होता. पुस्तकात असे वाक्यच नव्हते. ही मुलगी स्वतःच्या मनाने बोलत होती.

"पुढे?"

ती बोलली. सरांनी अर्थ सांगितला: "माझ्या वडिलांनी एक कागद आणला."

ती बोलली. "काकूने मला विचारलं, पोरी, यात काय लिहिलंय?"

ती पुन्हा बोलली. "मी सांगितलं, साखरेचं कार्ड आहे. अंगठा कर."

विलायतेतल्या म्हातारीला रेशनच्या साखरेचे कार्ड, म्हणून मागच्या रांगांत हशा झाला. साहेबही हसले. रंगराव सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. ते कान देऊन ऐकत होते, पण इंग्रजी ऐकत होते. काळ बरोबर येतोय, वाक्य पुरे होतेय, मुलगी अडखळत नाही. वर्गात तीन वर्षे त्यांनी ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होते, आणि ते आनंदाने एकेक वाक्य मराठीत मोठ्याने सांगत सुटले होते.

"तो कागद साखरेचा नव्हता. कारखान्याकडच्या शेताचा होता. मला वाचता येत होतं."

आता कोणी हसले नाही. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता. त्याच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर छबूबाईंच्या नवऱ्याच्या वाट्याचे शेत होते. वर्षापूर्वी त्यांनी हक्क सोडला आणि ते बबनरावांच्या नावावर लागले, एवढे गावाला माहीत होते. का सोडला हे कोणी विचारले नव्हते. शालन आता बायकांच्या बाजूला बघत होती, आणि तिचे डोळे वाहत होते. रंगराव सरांचा शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मग त्यांना तो कळला. माणसाचे तोंड असे पांढरे पडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

बबनराव ओरडले नाहीत. उठले, पटका सारखा केला आणि मंडपाबाहेर गेले. छबूबाई मात्र कार्यक्रम संपेपर्यंत जागेवरून हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून शालन शाळेत येईना. आठ दिवसांनी रंगराव सर तिच्या घरी गेले. परत आले ते खोलीत दिवा न लावता बसून राहिले. मी विचारले तेव्हा म्हणाले, "गोठ्यात शेण भरत होती. मी म्हटलं, माझं चुकलं. तर म्हणाली, सर, मी इंग्रजीत बोलले होते."

थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच पुरे केले. "त्या मंडपात तिच्या घरचं कोणी इंग्रजी समजणारं नव्हतं, म्हणून तर ती बोलली. मनावरचं ओझं एकदा कुणासमोर तरी उतरवायचं होतं तिला. एकदा बोलायला लागल्यावर माझं मराठी तिच्या कानात शिरलंच नसेल. आणि मी ते तिच्या काकूला सांगून टाकलं."

 मराठी अर्थ सांगायचा सल्ला कोणाचा होता, हे त्यांनी काढले नाही. त्यांनी काढले असते तर मला बरे वाटले असते.

पुढच्या बुधवारी हेडमास्तरांच्या खोलीत बोलावणे आले. रंगराव सरांनी मलाही नेले. बबनराव खुर्चीत बसले होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"मास्तर, पोरीला मीच शिकिवली. लोकं हसत व्हती तवा शिकिवली. आन आज गावात तोंड दावायला जागा न्हाई मला."

"तिला परीक्षेला बसू द्या," रंगराव सर म्हणाले. "दीड महिना राहिलाय. ती पास होईल. पहिली येईल."

"बसू दीन की. पन आदी तुमी एक करा. त्ये समदं बोलनं तुमचं व्हतं, तुमीच तिला पडवलं, आसं लिवून द्या. नाटकातलं व्हतं म्हना. मंग माजी तक्रार न्हाई."

"आणि नाही दिलं तर?"

"तर तिचं लगीन बगितलंय मी. नारायनगावला."

सोपानरावांनी कोरा कागद पुढे सरकवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना शाळा चालवायची होती. "रंगराव, तुमच्या कायम होण्याचा कागदही समितीपुढे आहे," एवढेच म्हणाले.

रंगराव सर त्या कागदाकडे बघत राहिले. मी त्यांना ओळखत होतो. कायम होण्याचा विषय नसता तर त्यांनी केव्हाच सही केली असती. आता सही केली तर ती कशासाठी केली हे त्यांना स्वतःलासुद्धा खात्रीने सांगता येणार नव्हते. मुलगी की नोकरी. मुलगी वाचवायची तर तिच्या काकूचे शेत बुडवायचे, हे तर होतेच.

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, म्हणून मजकूर मी लिहिला. माझे अक्षर चांगले आहे. 'सदर वाक्ये माझी असून ती मी कुमारी शालन हिजकडून पाठ करून घेतली होती. त्यांचा कोणाही व्यक्तीशी संबंध नाही.' खाली त्यांनी सही केली.

शुक्रवारी शालन वर्गात आली. कोपऱ्यातल्या बाकावर बसली. रंगराव सर टेबलामागे उभे राहिले आणि पुढच्या धड्याचे पहिले वाक्य वाचून म्हणाले, "अर्थ लिहून घ्या." तट्ट्याच्या अलीकडे मला त्यांचा आवाज तासभर ऐकू येत होता. वाक्य, अर्थ, वाक्य, अर्थ. शेवटी त्यांनी सांगितले, "उद्यापर्यंत पाठ करा." सोपानराव व्हरांड्यातून जाताना समाधानाने थांबले.

शनिवारी सकाळी सातच्या सुमारास कोणी दार वाजवले. मी उघडले. छबूबाई उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी, पायांत धुळीने भरलेल्या वहाणा.

"मास्तर हायती का?"

रंगराव सर बाहेर आले. तिघे आम्ही नाक्याच्या कडेला उभे राहिलो.

"मी पुन्याला निघालेय," छबूबाई म्हणाल्या. "मामलेदार कचेरीत अर्ज द्यायचा हाय. तुमी संगं चला. दुसरं काय न्हाई. त्या दिशी मराटीतनं सांगितलंसा, तसंच तितं सांगायचं."

रंगराव सरांनी एकदा माझ्याकडे पाहिले.

"छबूबाई, ती वाक्यं माझी होती. नाटकातली. मीच तिच्याकडून पाठ करून घेतली."



"साखरंचं कारड बी तुमीच सांगितलं?"

"हो."

"आन माज्याकडं बगून रडली, त्ये?"

याचे उत्तर कागदावर नव्हते.  लांबून एस.टी. येताना दिसली.

"कागूद लिवून दिलासा जनू," छबूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. सरांनी मान हलवली.

"मंग पोर परिक्षेला बसनार?"

"बसेल."

"शबूद दिलाय भावजीनं?"

"दिलाय."

एस.टी. येऊन थांबली. कंडक्टर दारातून ओरडू लागला, "पुणं, पुणं. चला मावशी, लवकर."

छबूबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एक पाऊल पुढे टाकले आणि पुन्हा वळल्या.

"मला यातलं कळत न्हाई, म्हनून इचारते. पोर चांगलं बोलली का त्या दिशी?"

"फार चांगलं बोलली," रंगराव सर म्हणाले.  "इतकं चांगलं मी कुणाला शिकवू शकलो नसतो."

"मावशी, यायचं का न्हाई?" कंडक्टरने विचारले.

"न्हाई रं बाबा. जा तू."

गाडी गेली. छबूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि पिंपरीच्या रस्त्याने परत चालू लागल्या. नाक्यावरून तो रस्ता बराच लांबवर दिसतो. कारखान्याच्या कुंपणाच्या अलीकडे त्यांचे शेत आले. ज्वारी कापणीला आली होती. छबूबाई तिथे थांबल्या नाहीत, की मान वळवून त्यांनी तिकडे पाहिलेही नाही.