हाव म्हणणारा जावई

सुदर्शनला कुणी काहीही विचारलं की तो हाव म्हणायचा, आणि जावयाची हीच खोड गुरम्माच्या डोक्यात जायची. भाकरी वाढू का, हाव. बास का, हाव. नवरा केलास का नंदीबैल, असं ती लेकीला तोंडावर विचारायची. अंबिका नुसती हसायची.

अंबिका जाऊन वर्ष होत आलं. नांदेडला घरी बसून ती लातूरच्या क्लासच्या पोरांसाठी जीवशास्त्राचे धडे रेकॉर्ड करायची. ते तिच्या लॅपटॉपात होते, दुसरीकडं कुठंच नाही. गुरम्माला त्यातलं कळायचं एवढंच, की बेडकाच्या काळजाला तीन खण असतात. पण आवाज लेकीचा होता. तेवढे धडे माझ्या मोबाईलात घालून द्या, असं तिनं जावयाला सांगितलं. तो हाव म्हणाला.

आज तो लॅपटॉप मांडीवर धरून एसटीनं आला, तो बिघडवूनच. दोघं माणिकप्पाच्या रिपेरीच्या दुकानात बसले. धडे कुलपात अडकले होते आणि पडदा लांबलचक नंबर मागत होता.

"काय केलाव?" माणिकप्पानं विचारलं.

"लॅपटॉपनं अपडेट करू का म्हणलं, केलं. मग चालूच होईना. सेटिंगमध्ये गेलो, तर सिक्युरिटी चिप क्लिअर करू का म्हणलं."

"किल्ली त्या चिपमध्येच ऱ्हाती, साहेब. तिथं न्हाई म्हणायचं होतं. आता हा नंबर मॅडमच्या ईमेलात असला तर बघा."

"ईमेलचा कोड तिच्या मोबाईलवर येतो. कंपनीनं ते सिम बंद करू का म्हणून विचारलं होतं..."

गुरम्माला पुढचं सांगावं लागलं नाही. आता रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. समोरच्या चहावर साय धरली होती, ती बघत ती बसून राहिली.

"मग सगळं पुसून नवीन टाकू का? मशीन तरी कामाला येईल," माणिकप्पानं विचारलं.

"हाव," सुदर्शन म्हणाला.

गुरम्मानं लॅपटॉप मिटला, पदराखाली घेतला आणि उठली. आवाज न चढवता म्हणाली,

"सुदर्शनराव, तुमी वाईट न्हाईत. वाईट माणूस कायतरी ठरवून करतो. तुमी निस्तं हाव म्हणताव. लेक दुखणं अंगावर काढत होती, तव्हा बरी हाय का म्हणून मी फोनवर इचारलं. तव्हाबी तुमी हावच म्हणलाव."