घट बसायच्या आधीची सफाई

अडाजणच्या त्या सोसायटीत १९९९ साली कॉम्प्युटर असलेली घरं मोजून चार, आणि बाकीची तिन्ही घरं सल्ल्याला यायची ती प्रभाकर नेव्यांकडे. नेवे बँकेत अधिकारी होते. कॉम्प्युटर शिकले ते पन्नाशी उलटल्यावर. त्यामुळे ज्ञान ताजं होतं आणि ते वाटायची हौस दांडगी. लोकांचा प्रश्न ठरलेला असे : इंटरनेट बघायला नेटस्केप बरं, की एक्सप्लोरर?

"एक्सप्लोरर," नेवे सांगत. "विंडोजबरोबर घरात आपसूक आलाय. पदरी पडलं ते सोडून दुसऱ्याच्या मागे कशाला धावायचं?"

उगाच हवेतलं बोलायचं नाही, म्हणून त्यांनी परीक्षाही घेतली होती. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं, एकच पान आधी यात उघडलं, मग त्यात, आणि सेकंद कागदावर टिपले. तीन वेळा हा पुढे, तीन वेळा तो. म्हणजे निकाल काहीच नाही. तरी खाली लाल शाईनं लिहिलं, 'एक्सप्लोरर योग्य', आणि सही ठोकली. सही केल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे.

खरं कारण त्या कागदावर नव्हतं. ते त्यांच्या बायकोला, सुनंदाबाईंना, ठाऊक होतं. नेटस्केप आशिषनं घातलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

आशिष त्यांचा एकुलता एक मुलगा. बँकेची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाला, नेमणुकीचं पत्र आलं, नेव्यांनी पेढे वाटले, आणि पोरानं आठ दिवसांनी सांगितलं की मी बंगळूरला प्रोग्रॅमिंगच्या नोकरीवर जातोय. घरात पाहुणे होते. त्यांच्यादेखत नेवे म्हणाले, "जा. पण गेलास की मला तुझं पत्रही नको." बोलून गेले आणि मग बोललेल्या शब्दाला धरून बसले. स्टेशनवरसुद्धा गेले नाहीत.

जाण्याआधी आशिषनं आईला एक गोष्ट करून दिली. कॉम्प्युटरवर नेटस्केप घातलं, त्यातच ईमेलची टपालपेटी तयार केली आणि कालनिर्णयच्या जुन्या पानामागे सहा पायऱ्या लिहून ठेवल्या : हे दाबायचं, मग ते दाबायचं. सुनंदाबाईंनी ते पान गव्हाच्या डब्याखाली ठेवलं. नेवे दुपारी बँकेत असत. मोडेमची किरकिर शेजारी कुणाला कळायची नाही. आठवड्यातून एकदा त्या पत्रं उतरवून घेत, रोमन अक्षरांतलं मराठी एकेक अक्षर लावत वाचत आणि दोन ओळी उत्तर टंकत. एकदा उतरवलं की पत्र त्या एका कॉम्प्युटरातच उरे. छापून मात्र कधी घेतलं नाही. घरचा प्रिंटर चालू झाला की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाई, आणि कागद घरात राहिला की तो सापडणारच.

आशिष बंगळूरहून सिंगापूरला गेला, हे त्यांना असंच कळलं. फेब्रुवारीत एकाच दिवशी दोन पत्रं आली. पहिलं त्यांना : 'आई, दुसरं पत्र बाबांचं आहे. त्यांनी आपणहून माझं नाव काढलं, तरच दाखव. नाही काढलं तर राहू दे.' दुसऱ्याच्या माथ्यावर विषय होता, 'बाबांसाठी'.

ते सुनंदाबाईंनी उघडलं नाही. मोह झाला नाही असं नाही, पण नेव्यांच्या घरात एक शिस्त होती : ज्याच्या नावचं पाकीट, त्यानंच फोडायचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी नवऱ्याच्या नावचं विम्याचं पाकीट फोडलं होतं, तेव्हा ऐकावं लागलं ते त्या जन्मात विसरल्या नव्हत्या. मग ते पत्र यादीत तसंच ठळक अक्षरांत पडून राहिलं, आणि त्या वाट बघत राहिल्या. नवरा एकदा तरी म्हणेल, पोरगं कसं आहे. मार्च गेला, मे गेला, गणपती आले नि गेले. नेवे जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले.

नेव्यांच्या घरात दुसरीही एक शिस्त होती. घट बसायच्या आधी घर साफ करायचं, आणि ज्या वस्तू दोन असतील त्यांतली एक काढून टाकायची. दोन किसण्या, दोन कंदील, दोन छत्र्या, भंगारवाला नवरात्राच्या तोंडावर बरोबर त्यांच्याच दारात थांबे. त्या वर्षी माळे झाले, कपाटं झाली आणि नेव्यांची नजर कॉम्प्युटरवर गेली. डिस्क भरत आली होती. घरात ब्राउझर दोन, एक वापरातला, एक अडगळीतला. विचारायचं कुणाला? सुनंदाबाई कॉम्प्युटरवरची धूळ तेवढी पुसतात, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्यांनी नेटस्केप काढलं. काढल्यावरही त्याचा एक फोल्डर मागे राहिला. दुसरा कुणी असता तर तिथं थांबला असता. पण बँकेत वर्षानुवर्षं जुनं रेकॉर्ड निकाली काढलेला माणूस अर्ध्यावर सोडतो थोडाच? फोल्डर हातानं पुसला, कचऱ्याची टोपली रिकामी केली आणि किती जागा मोकळी झाली ते जेवताना बायकोला कौतुकानं सांगितलं. "जुनं काहीतरी काढलं," एवढंच म्हणाले. नवरात्राच्या धांदलीत सुनंदाबाईंनीही पुढं विचारलं नाही, आणि दहा दिवस कॉम्प्युटरकडे फिरकल्या नाहीत.

दसऱ्याला सकाळी फाफडा-जिलेबी आली. नेव्यांनी कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावून झेंडूचा हार घातला. संध्याकाळी सोसायटीतली मुलं आपट्याची पानं घेऊन आली. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणत पाया पडली. नेव्यांनी प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवला. मुलं गेली, तसे ते पानांचा ढीग मांडीवर घेऊन बसले. मग मान वर न करता म्हणाले, "आशिषचं काही कळतं का गं?"

सुनंदाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. आठ महिने ज्या वाक्याची वाट बघितली, ते असं साध्या आवाजात आलं. त्या हसल्या आणि रडल्याही. "कळतं तर! बरा आहे. सिंगापुरात आहे. अहो, तुमच्यासाठी पत्र आलंय त्याचं. केव्हाचं आलंय! उठा, दाखवते."

"माझ्यासाठी?" नेवे उठले तेव्हा मांडीवरची पानं जमिनीवर सांडली.

सुनंदाबाई लगबगीनं कॉम्प्युटरपुढे बसल्या. गव्हाच्या डब्याखालचं पान आता लागत नव्हतं, सगळं पाठ झालं होतं. पडदा उजळला. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "इथं ते चित्र होतं ना हो... नेटस्केपचं? त्यातच आहेत सगळी पत्रं."

नेवे त्यांच्या पाठीशी उभे होते. त्यांना सगळं एका क्षणात कळलं. "मी काढलं ते," ते म्हणाले. "घट बसायच्या आधी."

"परत आणता येईल ना?"

"नाही. मुळापासून काढलं."

"काय लिहिलं होतं त्यानं?" नेव्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? तुमच्या नावचं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावचं मी कसं उघडणार?"

त्या आवाजात राग असता तर नेव्यांना बरं वाटलं असतं. बायकोनं आपलीच शिस्त पाळली होती, तक्रारीला जागाच नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, आणि आपल्या चुकीवर बोट ठेवायला समोर कुणी नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि पोराची आठवण दीड वर्षांची एकदम आली.

सुनंदाबाईंना मुलाचा ईमेलचा पत्ता पाठ होता. नेव्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः लिहिलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी एवढंच राहिलं : 'आशिष, तुझं पत्र माझ्या चुकीमुळे न वाचताच गेलं. पुन्हा पाठवशील का? मी वाट बघतोय. बाबा.'

तीन दिवसांनी उत्तर आलं. 'बाबा, ते जुन्या कंपनीच्या मशीनवर लिहिलं होतं. नोकरी बदलली तेव्हा तिथंच राहिलं. जाऊ दे, त्यात विशेष काही नव्हतं. तब्येतीला जपा. आईला नमस्कार.'

नेव्यांनी ते अनेकदा वाचलं. आशिषनं घातलेली अट सुनंदाबाईंनी तोवर त्यांना सांगितली होती. विशेष काही नसलेलं पत्र माणूस अट घालून पाठवत नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी पुन्हा लिहिलं, 'तरी आठवेल तेवढं सांग.' त्यावर सिंगापूरच्या पावसाचं उत्तर आलं. पुढं पत्रं येत राहिली, प्रेमाची, नेमानं, हवापाण्याची. त्या एका पत्राचा विषय मुलानं परत काढला नाही, आणि बापाला परत विचारायचा धीर झाला नाही.

सीडी मागून आणून नेव्यांनी नेटस्केप पुन्हा घातलं. टपालपेटी उघडली ती कोरी. तरी रोज बँकेतून आले की आधी ती उघडत.

दिवाळीनंतर भूपेंद्र पाटील आला. मूळचा धुळ्याकडचा, कडोदऱ्याला त्याचे यंत्रमाग होते, नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. "काका, मशीनमा जागा भरी गई," तो म्हणाला. "तुम्हीच सांगेल व्हतं ना, एक्सप्लोरर बरा? मग ते दुसरं काढी टाकू का?"

"नको," नेवे म्हणाले. "दोन्ही राहू देत. आणि काढायचंच असलं तर आधी घरी बायकोला विचार, त्यात तिचं काही आहे का."

भूपेंद्र हसला. "ती कशाले हात लावस काका कॉम्प्युटरले? धूळ पुसस, बस."

"हो," नेवे म्हणाले. "मलाही तसंच वाटत होतं."