छताला पारवा

"पिवळाच द्या. हिला पिवळा आवडतो," काका म्हणाले आणि त्यांनी शेडकार्ड मिटून रंगाऱ्याच्या हातात परत ठेवलं.

"नको," पलंगावरून आवाज आला.

काका वळले. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून, म्हणजे गेले सात महिने, काकूंजवळ दोनच शब्द उरले होते. हो आणि नको. उजवं अंग लुळं, जीभ जड. डोकं मात्र शाबूत.

"अगं, पिवळा. आपला नेहमीचा."

"नको."

"जरा फिकट हवाय का?"

"नको, नको."

काका खुर्चीत बसले. शाळेच्या कचेरीत चौतीस वर्षं दाखले लिहिलेला माणूस. खात्री केल्याशिवाय त्यांनी अक्षर उमटवलं नव्हतं. लग्नानंतर घराला पहिल्यांदा रंग काढला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, पिवळा चालेल ना? आणि नव्या नवरीने मान हलवली होती. तेवढ्या भांडवलावर हे घर चार वेळा पिवळं झालं होतं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" ते म्हणाले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

काकूंच्या ओठांचा डावा कोपरा हलला. त्या हसत होत्या.

रंगारी चाळिशीतला, अघळपघळ माणूस. तो पलंगाजवळ उकिडवा बसला. "काकू, भिंतींचं राहू द्या. तुम्हाला काय हवंय?"

काकूंनी डोळे वर नेले.

"सिलिंग?"

"हो."

"सिलिंगला पांढराच मारतात हो. त्यात काय निवडायचं?"

काकांनीही वर पाहिलं. गळतीचा तपकिरी डाग, त्याच्या कडेने सुटलेले पोपडे, पंख्याभोवती काजळीचं वर्तुळ. सात महिने ते इथे बसून हिला पेपर वाचून दाखवत होते, पाय चेपत होते. हिला दिवसभर काय दिसतं, हे बघायला त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती.

"तिला हवा तो मारा," ते म्हणाले.

काकूंनी डाव्या हाताने शिलाई मशीनकडे बोट दाखवलं. अर्ध्या गल्लीचे कपडे त्यांनी शिवले होते. कापडाला जुळणारा दोरा त्या नुसत्या नजरेने काढायच्या. काळ्यातही पाच काळे असतात म्हणायच्या. काकांनी मशीनचा रिळांचा खण आणून पांघरुणावर उपडा केला. काकू एकेक रीळ बाजूला सारत गेल्या आणि शेवटी एकावर त्यांची बोटं थांबली. पारव्या रंगाचं रीळ. ना धड राखाडी, ना धड निळं.

"खोली अंधारेल, काकू."

"अंधारू दे की," काका म्हणाले.

रंगाऱ्याने छतावर हातभर तुकडा रंगवला. "नको." निळं जास्त झालं होतं. दुसरा मातकट निघाला. तिसऱ्याला काकूंनी घाई केली नाही. संध्याकाळचा उजेड खोलीत येईपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "हो."

"बावीस वर्षांत असं गिऱ्हाईक नाही बघितलं," रंगारी कौतुकाने म्हणाला.

दोन दिवस काकूंचा पलंग बाहेरच्या खोलीत होता. आत पोपडे खरवडले गेले, पुट्टी भरली, घासली, मग रंगाचे दोन हात बसले. तिसऱ्या दिवशी पलंग जागेवर आला. काकू वर बघत राहिल्या. काका छताकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

काकूंनी बोट वर केलं.

"काय राहिलं?" रंगाऱ्याने मान वाकडी करकरून पाहिलं. "काही नाही हो, एकसारखं बसलंय."

"नको," काकू म्हणाल्या. बोट तिथेच.

काकांनी चपला काढल्या आणि ते पलंगाच्या कडेला, काकूंच्या शेजारी, अंग चोरून आडवे झाले. हिला धक्का लागेल म्हणून सात महिने ते खाली सतरंजीवर झोपत होते. आता खिडकीचा तिरपा उजेड छतावरून सरकताना त्यांना दिसला, आणि पंख्यापलीकडे तळहाताएवढी जागा विरविरीत राहिलेलीही दिसली.

"आहे बरं का! इथून दिसतंय!" ते ओरडलेच.

रंगाऱ्याने कपाळावर हात मारला. पलंगावर प्लास्टिक टाकायलाही न थांबता तो ब्रश घेऊन शिडीवर चढला, आणि ती जागा भरताना एक थेंब सुटून काकूंच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर पडला.

"अरे अरे! थांबा, फडकं देतो."

काकांनी झोपल्या झोपल्याच ओलं फडकं घेतलं आणि पुसायला हात पुढे केला. काकूंनी अंगठा मुठीत घेतला.

"नको."

"बरं," काका म्हणाले. फडकं त्यांनी खाली टाकलं.

रंगारी ब्रश धुवायला मोरीत गेला आणि नळाखाली धूतच राहिला. काकांनी काकूंचा उजवा हात, ज्याला कशाचीच जाणीव नव्हती, उचलून आपल्या छातीवर ठेवला. वर रंग वाळत होता, आणि वाळता वाळता किंचित गडद होत होता.