तडकलेलं अक्षर

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेले आहात. अंगावर तीन लाखांहून जास्त अक्षरं आहेत आणि त्यांतलं एक जरी मोडलं, तरी तुम्ही बाद!

मी तशीच एक जुनी तोरा आहे, ज्यू लोकांच्या धर्मग्रंथाची चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी. एका लेखनिकाने दीड वर्ष खपून मला लिहिलं. दर शनिवारी प्रार्थनाघरात माझा एकेक भाग वाचत. वर्षाअखेर शेवटची ओळ संपली, की लोक मला कवेत घेऊन नाचत आणि लगेच पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करत. पुढे माणसं पांगली. उरले दहाबारा म्हातारे, राखणदार आजोबा आणि एकटी मी.

एकदा छत गळलं. भिजलेल्या मला आजोबांनी घाबरून शेगडीजवळ वाळत ठेवलं. जीव लावणाऱ्याच्याच हातून माझी शाई तडकली.

शनिवारी वाचणारे काका मध्येच थांबले. "या अक्षराचा पाय तुटलाय."

"चष्मा पुसा आधी!" आजोबा म्हणाले.

"माझा चष्मा शेगडीजवळ नव्हता, आजोबा."

अशी शंका आली, की लहान मुलाला विचारायचं ही आमची रीत. त्याला अक्षरं यावीत, अर्थ कळू नये. त्याने बरोबर ओळखलं तर मी टिकणार. नाहीतर वाचन बंद, कारण मोडलेलं अक्षर सांधणारा लेखनिक आता इथे उरला नव्हता. आणि मग प्रार्थनाघराला कुलूप.

आजोबांच्या सहा वर्षांच्या नातीला बोलावलं.

"चिमणे, नीट बघ हं..."

"आजोबा, तोंड फिरवा! खाणाखुणा नकोत," काका म्हणाले.

ती वाकली. माझी शिवण न् शिवण आक्रोश करत होती. ओळख ग बाई! एवढं एकच ओळख!

तिने दुसऱ्याच, आखूड अक्षराचं नाव घेतलं.

आजोबा मटकन बसले. "मीच घात केला या तोरेचा."

मित्रांनो, भिजलेल्या वस्तूला आच दाखवू नका. सावलीत वाळू द्या, जाणत्याला विचारा. नुसती माया पुरत नाही हो!

काका मला गुंडाळायला आले. तेवढ्यात नातीने वाचताना ओळीवर फिरवायची चांदीची काडी उचलली आणि आजोबांच्या हातात दिली.

"आजोबा, हे एकच मोडलंय ना? मग याच्या पुढचं वाचायला शिकवा मला."

आणि स्टूल ओढून ती माझ्यासमोर बसली.